‘एक देश, एक वेळ’: नियम दिल्लीत होईल, पण तुमच्या फोनमधलं घड्याळ कोण सांभाळतं?

गेममधल्या ‘लाइफ’ संपल्या की फोनची तारीख एक दिवस पुढे करायची, लाइफ घ्यायच्या आणि तारीख परत जागेवर आणायची. ही युक्ती आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी केलेली असते. तारीख पुढे असताना ब्राउझर उघडला, तर मात्र ‘तुमचं घड्याळ चुकलंय’ अशा अर्थाची सूचना येते आणि साइट उघडत नाही. कारण प्रत्येक सुरक्षित साइटच्या डिजिटल प्रमाणपत्रावर ते कधीपासून कधीपर्यंत वैध आहे हे लिहिलेलं असतं, आणि ब्राउझर ते फोनच्या घड्याळाशी ताडून बघतो. दर ३० सेकंदांनी बदलणारा कोड देणारं ऑथेंटिकेटर अॅपही याच घड्याळावर चालतं.

म्हणजे वेळ ही फोनमध्ये नुसती वर कोपऱ्यात दिसणारी गोष्ट नाही. तिच्यावर विश्वास ठेवून बरेच निर्णय होतात. मग ही वेळ येते कुठून, आणि ती चुकली तर कोणाच्या लक्षात येतं? हा प्रश्न सध्या सरकारी पातळीवरही चर्चेत आहे.

बातमी नेमकी काय आहे?

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२५ मध्ये भारतीय प्रमाणवेळेच्या नियमांचा मसुदा जाहीर केला आणि त्यावर १४ फेब्रुवारी २०२५ पर्यंत सूचना मागवल्या. मसुद्याचा गाभा असा: व्यापार, वाहतूक, सरकारी कामकाज, करार, आर्थिक व्यवहार या सगळ्यांसाठी भारतीय प्रमाणवेळ हाच एकमेव संदर्भ असेल. खगोलशास्त्र, नौकानयन, वैज्ञानिक संशोधन अशा कामांना परवानगी घेऊन सूट मिळेल. जून २०२५ मध्ये केंद्रीय मंत्र्यांनी हे नियम लवकरच अधिसूचित होतील असं सांगितलं. ‘एक देश, एक वेळ’ हे नाव याच संदर्भात चर्चेत आलं.

ही वेळ तयार करते नवी दिल्लीतली राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, म्हणजे एनपीएल. तिथे सीझियमची अणुघड्याळं आणि हायड्रोजन मेझर आहेत, आणि त्यांची वेळ जागतिक वेळेशी नॅनोसेकंदांच्या पातळीवर जुळवलेली असते. ती देशभर पोचवण्यासाठी अहमदाबाद, बंगळूरु, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी अशी पाच केंद्रं ठरली आहेत. यात महाराष्ट्रातलं एकही शहर नाही. नाशिककरांना सर्वात जवळचं केंद्र अहमदाबादचं.

याच्या आधीचं एक पाऊल २०२२ चं आहे. सायबर सुरक्षेचं काम बघणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढला, की कंपन्या, डेटा सेंटर, इंटरनेट सेवा देणारे आणि सरकारी संस्था यांनी आपली घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या टाइम सर्व्हरशी जुळवावीत. हॅकिंगच्या तपासात दहा सर्व्हरच्या नोंदी एकत्र लावायच्या असतात. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं असेल, तर आधी काय घडलं आणि नंतर काय, हेच कळत नाही.

तुमच्या हातातल्या फोनला मात्र हा आदेश थेट लागू नाही. अँड्रॉइडच्या मूळ कोडमध्ये वेळ विचारायला गूगलचा टाइम सर्व्हर दिलेला आहे. अँड्रॉइड १२ पासून फोन आधी इंटरनेटवरून आलेली वेळ मानतो आणि ती नसेल तर मोबाइल नेटवर्कने दिलेली. फोन बनवणारी कंपनी हा क्रम बदलू शकते.

यात लगेच घाबरण्यासारखं काही नाही. गूगलची वेळ आणि एनपीएलची वेळ एकाच जागतिक वेळेवर बेतलेल्या आहेत. रोजच्या वापरात तुम्हाला फरक जाणवणार नाही. खरा प्रश्न वेगळा आहे: स्रोत बंद पडला किंवा कोणी मुद्दाम चुकीची वेळ पेरली, तर पुढच्या यंत्रांना ते कळतं का?

मुंबईने हा वाद आधीच पाहिलाय

वेळेचा स्रोत बदलणं किती अवघड असतं हे आपल्या राज्याने शंभर वर्षांपूर्वी पाहिलंय. १९०६ मध्ये इंग्रज सरकारने आजची प्रमाणवेळ लागू केली, म्हणजे ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. त्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची आणि मुंबई स्वतःच्या वेळेवर, म्हणजे ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. नव्या वेळेने मुंबईची घड्याळं एकदम ३९ मिनिटं पुढे जाणार होती. गिरणी कामगारांसाठी याचा अर्थ होता, अंधार असतानाच कामावर हजर व्हायचं. विरोध झाला, आणि मुंबई महापालिकेने ‘बॉम्बे टाइम’ सोडला नाही. तो शेवटी १९५५ मध्ये गेला.

नाशिकचं गणित आजही करून बघता येतं. प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे, नाशिक सुमारे ७३.८ अंशावर. एका अंशाला ४ मिनिटं धरली, तर नाशिकची ‘सूर्याची वेळ’ प्रमाणवेळेच्या जवळपास ३५ मिनिटं मागे पडते. म्हणून आपल्याकडे सूर्य बाराला नाही, सरासरी साडेबाराच्या सुमारास डोक्यावर येतो.

तेव्हा प्रश्न होता कोणती वेळ मानायची. तो सुटला. आता प्रश्न आहे, मानलेली वेळ प्रत्येक यंत्रापर्यंत बरोबर पोचते की नाही. त्यासाठी फोनच्या आत जावं लागतं.

फोनच्या आत नक्की काय टिकटिक करतं?

फोनमध्ये क्वार्ट्झचे छोटे स्फटिक असतात. वीज दिली की ते ठरावीक वेगाने थरथरतात. एक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा २ चा पंधरावा घात आहे, त्यामुळे पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर एक सेकंद मिळतो. तारीख-वेळ सांभाळणारं छोटं घड्याळ यावर चालतं, फोन बंद असला तरी. दुसरा स्फटिक खूप वेगवान असतो. क्वालकॉमच्या बऱ्याच चिपमध्ये वेळ मोजणारा काउंटर सेकंदाला १ कोटी ९२ लाख ठोके मोजतो.

‘क्लॉक’ हा शब्द इथे दोन कामांसाठी वापरला जातो, हे लक्षात ठेवा. एक, वेळ मोजणं. दोन, चिपच्या प्रत्येक भागाला चालवणारा ठेका देणं. कॅमेरा, ग्राफिक्स, यूएसबी यांना वेगवेगळा ठेका लागतो, आणि तो गरजेपुरता चालू-बंद करणं हे लिनक्स कर्नलमधल्या ड्रायव्हरचं काम असतं. अँड्रॉइडचा पाया हाच लिनक्स कर्नल आहे. कॅमेरा अॅप बंद केल्यावर ड्रायव्हरने ठेका बंद केला नाही, तर बॅटरी खर्च होत राहते. चुकून दुसऱ्याला लागणारा ठेका बंद केला, तर फोन जागच्या जागी गोठतो. म्हणून २०१२ मध्ये लिनक्सच्या ३.४ आवृत्तीत या कामासाठी एक सामाईक व्यवस्था आली. कोण कोणता ठेका वापरतंय याची मोजदाद ती ठेवते, आणि शेवटचा वापरणारा गेल्यावरच ठेका बंद करते.

आता वेळेकडे येऊ. कोणताही स्फटिक अगदी अचूक नसतो. तापमानाने, वयाने त्याचा वेग किंचित बदलतो. दहा लाखांत २० ठोक्यांची चूक ही साध्या स्फटिकासाठी नेहमीची गोष्ट. ऐकायला किरकोळ वाटते, पण दिवसाला ती १.७ सेकंद होते आणि वर्षाला साडेदहा मिनिटं. म्हणून फोन अधूनमधून बाहेर वेळ विचारतो. अँड्रॉइडच्या मूळ कोडमध्ये फरक दोन सेकंदांच्या आत असेल, तर सहसा घड्याळाला हात लावला जात नाही. दोन मित्रांचे फोन शेजारी धरले आणि सेकंद थोडे मागेपुढे दिसले, तर त्याचं एक कारण हे.

कर्नल घड्याळ निवडतो कसं?

कॉम्प्युटर किंवा फोनमध्ये वेळ मोजू शकणारे अनेक काउंटर असतात. त्यातला कोणता वापरायचा हे कर्नल ठरवतो. प्रत्येक काउंटरचा ड्रायव्हर कर्नलला काही गोष्टी सांगतो: वाचायचं कसं, एका ठोक्याला किती नॅनोसेकंद धरायचे, काउंटर किती मोठा आहे, आणि स्वतःला गुण किती. या गुणांना ‘रेटिंग’ म्हणतात. १०० च्या खाली म्हणजे नाइलाज असेल तरच वापरा, ३०० च्या पुढे चांगलं, ४०० च्या पुढे उत्तम. इंटेल-एएमडी प्रोसेसरच्या आतल्या टीएससी काउंटरला ३०० गुण आहेत, मदरबोर्डवरच्या एचपीईटीला २५०, आणि त्याहून जुन्या पॉवर मॅनेजमेंट टायमरला २००. फोनमधल्या आर्म प्रोसेसरच्या काउंटरला ४०० गुण आहेत.

काउंटर किती मोठा हे सांगणं का महत्त्वाचं? कारण काउंटर भरला की परत शून्यावर येतो, जुन्या स्कूटरच्या किलोमीटर मीटरसारखा. २४ बिटांचा जुना पॉवर मॅनेजमेंट टायमर जेमतेम ४.७ सेकंदांत भरतो. त्याआधी कर्नलने तो वाचला नाही, तर मधला वेळ हरवतो.

इथपर्यंत सगळं निवडीबद्दल झालं. पण लिनक्सचा खरा धडा पुढे आहे. जास्त गुण असलेला काउंटर निवडला म्हणून कर्नल त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. ‘वॉचडॉग’ नावाची व्यवस्था दर अर्ध्या सेकंदाला त्या घड्याळाची दुसऱ्या घड्याळाशी तुलना करते. फरक प्रमाणाबाहेर गेला, की कर्नल त्या काउंटरला ‘अस्थिर’ ठरवतो, तसं लॉगमध्ये लिहितो आणि कमी गुणांच्या पण भरवशाच्या घड्याळावर जातो. मशीन थोडं मंद होतं, पण वेळ चुकत नाही.

ही काळजी अनुभवातून आली. २००५ च्या सुमारास एएमडीचे पहिले दोन कोअरचे प्रोसेसर आले, तेव्हा दोन्ही कोअरचे टीएससी काउंटर एकमेकांशी जुळत नसत. प्रोग्राम एका कोअरवरून दुसऱ्यावर गेला, की वेळ चक्क मागे गेल्यासारखी दिसायची. विंडोजवर गेम अडखळायच्या, आणि एएमडीला त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर द्यावं लागलं.

पुढे उलटही घडलं. नव्या इंटेल मशीनमध्ये टीएससी ठीक असतो आणि तपासणारं एचपीईटीच गडबड करतं, असं दिसायला लागलं. म्हणून २०२१ नंतर कर्नलमध्ये बदल झाले आणि भरवशाच्या मशीनवर टीएससीवरची ही पहारेदारी काढून टाकली गेली. यातून एक गोष्ट पक्की होते: दोनच घड्याळं असतील आणि ती भांडत असतील, तर कोण खरं हे सांगता येत नाही. निर्णयाला तिसरं लागतं.

वेळ दुरुस्त करताना काय बिघडू शकतं?

समजा घड्याळ एक सेकंद मागे पडलंय. सरळ पुढे ढकलायचं का? साधा अलार्म असेल तर चालेल. पण बँकेचा सर्व्हर असेल, तर नोंदींमध्ये एक सेकंद गायब होतो. घड्याळ पुढे असेल आणि ते मागे ओढलं, तर ‘पैसे आधी जमा, मग पाठवले’ असं उलटं दिसू शकतं. म्हणून सर्व्हरवर कर्नल सहसा घड्याळाचा वेग किंचित कमी-जास्त करून हळूहळू फरक भरून काढतो. या वेगबदलाला दहा लाखांत ५०० ची मर्यादा आहे, म्हणजे एक सेकंद भरून यायला साधारण ३३ मिनिटं लागतात.

शिवाय कर्नल दोन वेगळ्या वेळा सांभाळतो. एक भिंतीवरच्या घड्याळाची, जी बदलू शकते. दुसरी ‘मशीन चालू झाल्यापासून किती वेळ गेला’ याची, जी कधीच मागे जात नाही. गेम बनवणाऱ्याने दुसरी वापरली किंवा वेळ सर्व्हरला विचारली, की तारीख पुढे करण्याची तुमची युक्ती संपली.

एवढी काळजी घेऊनही चूक होते. पृथ्वीचं फिरणं अणुघड्याळाइतकं नियमित नाही, म्हणून अधूनमधून जागतिक वेळेत एक जादा सेकंद घालतात. ३० जून २०१२ च्या जादा सेकंदाला, म्हणजे भारतात १ जुलैच्या पहाटे साडेपाचच्या ठोक्याला, लिनक्सने सेकंद घातला पण आपल्याच आतल्या सूक्ष्म टायमरना ते कळवलं नाही. ‘जरा थांब’ म्हटलेले प्रोग्राम थांबेनात, प्रोसेसर पूर्ण ताकदीने गोल गोल फिरत राहिले. रेडिटसारख्या साइट कोलमडल्या, क्वांटास विमान कंपनीची चेक-इन यंत्रणा अडकली. उपाय गमतीशीर होता: तारीख पुन्हा एकदा टाइप करून सेट करायची, की टायमर भानावर यायचे. २०२२ मध्ये देशांनी ठरवलंय, की २०३५ पर्यंत हा जादा सेकंदाचा प्रकार थांबवायचा.

अवकाशातली घड्याळं बंद पडली तर?

आता हाच विचार देशाच्या पातळीवर लावून बघा. मोबाइल टॉवर, वीजवाहिन्या, डेटा सेंटर यातली बरीच यंत्रणा वेळेसाठी जीपीएससारख्या उपग्रहांवर अवलंबून असते. आपल्याकडच्या ५जी साठी तर शेजारच्या टॉवरची घड्याळं सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या हिशेबात जुळावी लागतात. आंतरराष्ट्रीय मर्यादा १.५ मायक्रोसेकंद आहे. फरक वाढला की एक टॉवर बोलत असताना दुसरा ऐकत राहतो, आणि नेटवर्क बिघडतं.

हे उपग्रह अमेरिकेचे. शिवाय त्यांच्यासारखाच खोटा सिग्नल जमिनीवरून पाठवता येतो. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या परिसरात, विमानांच्या जीपीएसमध्ये अशा ढवळाढवळीच्या ४६५ घटना नोंदल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. ज्या सिग्नलमधून जागा कळते, त्यातूनच वेळही कळते.

म्हणून आपला ‘नाविक’ महत्त्वाचा. पण नाविकला सर्वात मोठा फटका घड्याळांनीच दिला. आयआरएनएसएस-१ए या पहिल्या उपग्रहावर तीन रुबिडियम घड्याळं होती, परदेशातून घेतलेली. २०१६ मध्ये ती बिघडली आणि उपग्रह स्थाननिश्चितीच्या कामाचा राहिला नाही. तिघं होती तरी बचाव झाला नाही, कारण तिन्ही एकाच प्रकारची होती. त्याच्या जागी पाठवलेला उपग्रह ऑगस्ट २०१७ मध्ये रॉकेटचं उष्णतारोधक कवच न उघडल्याने वाया गेला. २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ वर पहिल्यांदा भारतात बनवलेलं रुबिडियम घड्याळ होतं, ही मोठी गोष्ट होती. पण २९ जानेवारी २०२५ ला गेलेला एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. जुलै २०२५ मध्ये सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार स्थान सांगण्याचं काम करणारे उपग्रह चारच होते. जागा शोधायला कमीत कमी चार लागतात, म्हणजे तेव्हा राखीव एकही नव्हता. नुसती वेळ हवी असेल आणि तुमची जागा आधीच माहीत असेल, तर एक उपग्रहही पुरतो. ही त्यातली बरी बाजू.

हे सगळं तुमच्या घरापर्यंत कसं येतं?

पहिलं उदाहरण वीज बिलाचं. महावितरणने १ जुलै २०२५ पासून स्मार्ट टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत सुरू केली. याआधी घरच्या मीटरला फक्त युनिट मोजायचे होते. आता ते युनिट कधी वापरले हेही बिलात आलं. म्हणजे मीटरमधलं घड्याळ आता तुमच्या पैशांचा भाग आहे.

हिशेब करून बघू. मीटरचं घड्याळ दहा मिनिटं चुकलं आणि त्या दहा मिनिटांत २ किलोवॅटचा गीझर चालला, तर फरक दिवसाला पाव रुपयाच्या आसपास. एका घरासाठी किरकोळ. पण मीटरमधली बॅटरी संपून घड्याळ भलत्याच वेळेवर गेलं, तर दिवसाचा वापर रात्रीचा दिसेल आणि पूर्ण सवलत जाईल. स्मार्ट मीटर सर्व्हरशी जोडलेलं असल्यामुळे त्याची वेळ दुरुस्त करता येते, हा फायदा आहे. मात्र ती कधी दुरुस्त केली, किती फरक होता, हे ग्राहकाला बघता यायला हवं. तराजूवर वैधमापनचा शिक्का बघायची आपल्याला सवय आहे. घड्याळाचा शिक्का कोणी अजून मागत नाही.

दुसरं उदाहरण सीसीटीव्हीचं. सोसायटीतल्या, दुकानातल्या रेकॉर्डरचं घड्याळ बघा. बऱ्याच ठिकाणी ते काही मिनिटं इकडे-तिकडे असतं, कुठे वर्षच चुकलेलं असतं, कारण आतला बटण सेल संपलेला असतो. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असं फुटेज कोर्टात द्यायचं, तर प्रमाणपत्र लागतं आणि फाइलचा ‘हॅश’ द्यावा लागतो. हॅश सांगतो, की फाइल नंतर बदललेली नाही. पण रेकॉर्ड करताना फुटेजवर जी वेळ छापली गेली ती खरी होती का, हे हॅश सांगू शकत नाही.

नाशिकसाठी तर हा मुद्दा अगदी जवळचा आहे. २०२७ चा सिंहस्थ आपल्याकडे आहे. पर्वणीच्या दिवशी रामकुंडाच्या गर्दीत कोणाचं मूल हरवलं, तर पोलीस आधी काय करणार? एका कॅमेऱ्यात ते कधी दिसलं ते बघून पुढच्या कॅमेऱ्यात तीच वेळ शोधणार. दोन कॅमेऱ्यांच्या घड्याळात चार मिनिटांचा फरक असेल, तर तेवढ्यात हजारो माणसं पुढे सरकलेली असतात. कॅमेरे किती बसवले याचे आकडे बातम्यांत येतात. त्यांची घड्याळं एकाच स्रोताला जोडली आहेत का, आणि नेटवर्क तुटल्यावर ती किती वेळ बरोबर राहतील, हेही टेंडरमध्ये विचारलं गेलं पाहिजे.

हे अशक्य नाही. नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरलेल्या आहेत. सगळ्या मिळून एकच दुर्बीण व्हावी म्हणून मुख्य केंद्रातला संदर्भ सिग्नल ऑप्टिकल फायबरने प्रत्येक अँटेनापर्यंत पोचवला जातो. गंगाघाटावरच्या कॅमेऱ्यांना याच्या हजारो पट कमी अचूकता लागते. अर्ध्या सेकंदाच्या आतली वेळ पुरेशी आहे, आणि ती साध्या टाइम सर्व्हरने मिळते.

मग नियमात काय हवं?

प्रमाणवेळेचा नियम हवाच. स्वतःची वेळ स्वतःच्या प्रयोगशाळेतून देशभर नेणं योग्य आहे, आणि मसुद्यात विश्वासार्हता व सायबर सुरक्षेचा विचारही आहे. पण ‘स्रोत एकच’ असं लिहिलं म्हणजे काम झालं असं नाही. कर्नल जे गेली वीसेक वर्षं करतोय, ते या साखळीतल्या प्रत्येक यंत्राने करायला हवं.

एक, आपण कोणाची वेळ घेतोय हे यंत्राला सांगता आलं पाहिजे. दोन, ती वेळ वेगळ्या प्रकारच्या निदान दोन स्रोतांशी ताडली पाहिजे: उपग्रह, फायबरवरून येणारी एनपीएलची वेळ आणि जागेवरचं चांगलं घड्याळ. तीन, मुख्य स्रोत गेला तर यंत्र किती तास कशावर तग धरेल हे आधी ठरलेलं हवं. चार, स्रोत बदलला किंवा घड्याळ सरकवलं की त्याची नोंद राहिली पाहिजे, आणि ज्याच्या बिलावर किंवा खटल्यावर परिणाम होतो त्याला ती मिळाली पाहिजे. चौथी गोष्ट सर्वात स्वस्त आहे आणि तिचीच चर्चा सर्वात कमी होते.

तुमच्या बाजूने करण्यासारखं थोडं आहे. फोनमध्ये तारीख-वेळेचं ‘ऑटोमॅटिक’ सेटिंग चालू ठेवा. घरच्या किंवा सोसायटीच्या सीसीटीव्ही रेकॉर्डरमध्ये एनटीपीचा पर्याय असतो, तो चालू करून त्यात एनपीएल किंवा एनआयसीचा सर्व्हर टाका आणि टाइमझोन साडेपाच तासांचा आहे ना ते बघा. स्मार्ट मीटरच्या डिस्प्लेवर वेळ येते, ती एकदा फोनशी जुळवा आणि फरक दिसला तर फोटो काढून तक्रार करा. लिनक्सचा लॅपटॉप असेल, तर ‘सिस्टीम’ माहितीच्या फोल्डरमध्ये क्लॉकसोर्स शोधा. सध्या कोणतं घड्याळ चालू आहे आणि पर्याय कोणते, हे दोन छोट्या फाइलमध्ये उघड लिहिलेलं असतं. वीज मीटरनेही एवढं उघडपणे सांगितलं, तर बिलावरची अर्धी भांडणं कागद बघूनच मिटतील.